मायक्रोबायॉलॉजीच्या सहा टाळ्या

“मॅडम, एवढे लांबलचक शब्द इंग्रज लोक घरी जेवताना पण वापरतात, का फक्त आम्हाला छळायला काढलेत?”

हा प्रश्न माझा नव्हता. शितल आणि सुषमा या माझ्या दोन मैत्रिणींचा होता. पण विचारायची हिंमत दोघींत मिळूनसुद्धा नव्हती, म्हणून मधल्या सुट्टीत त्यांनी मला डिवचलं. “म्हाळसे, तू नुसती घरात वाघीण. वर्गात विचारून दाखव, मग मानू.” आता वाघीण म्हटल्यावर मी कशाला थांबते? विचारला.

वर्ग असा शांत झाला की बाहेर शिपाई मामा विडी विझवताना ऐकू आले. सविता मॅडम शाळेत नव्याच आलेल्या. त्या फळ्याकडून सावकाश वळल्या. मला वाटलं, आता वर्गाबाहेर. पण त्या म्हणाल्या, “छान प्रश्न आहे. ये पुढं.”

बाहेर काढलेलं परवडलं असतं. दहावी ‘ब’ पुढं मी उभी आणि फळ्यावर लिहिलेलं ‘रिस्पॉन्सिबिलिटी’. त्या दिवसापर्यंत लांब शब्द आला की माझी पद्धत ठरलेली होती. सुरुवात म्हणायची, मधे खोकायचं आणि शेवट जोरात म्हणायचा. पूर्ण आठवी मी खोकल्यावर काढली आहे.

“भाकरी अख्खी तोंडात कोंबतेस का?” मॅडमनी विचारलं. “मोडून खातेस ना? शब्दाचं तसंच. हनुवटीखाली हात धर आणि म्हण. जितक्या वेळा हनुवटी हाताला टेकेल, तितके तुकडे.”

सगळ्या वर्गानं हनुवटीखाली हात धरला. दाढदुखीच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसल्यासारखी दहावी ‘ब’ दिसत होती. मग मॅडमनी प्रत्येक तुकड्याला एक टाळी वाजवायला लावली. रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. आणि काय सांगू, मी म्हटलं! न खोकता! पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मॅडमनी “पुरे” म्हटल्यावर पण म्हटलं.

पुढच्या तासाला त्यांनी अर्थाचे तुकडे सांगितले. मूळ शब्द ट्रॅक्टरसारखा मधे असतो, पुढं लोडर लागतो, मागं ट्रॉली लागते. लोडर आणि ट्रॉली ओळखता आली की कुठल्याही शब्दाला घाबरायचं कारण नाही. शेवटी त्या एक वाक्य बोलल्या, ते मी त्या वेळी कानाआड केलं. त्या म्हणाल्या, “आणि सवय झाली की टाळी मनातल्या मनात वाजवायची.”

या कथेतलं सगळं वाटोळं त्या एका वाक्याकडं दुर्लक्ष केल्यामुळं झालेलं आहे.

घरी आले तर आबा ऊसलागणीसाठी टिपरी, म्हणजे उसाचे तुकडे, तोडत बसलेले. मी त्यांना सगळं सांगितलं. आबा म्हणजे माझे आजोबा, नाव गेणबा. तरुणपणी ते मेंढरांमागं फिरले, आता वडगाव रासाईत भीमेच्या काठाला ऊस करतात, आणि सल्ला देताना दोन्ही धंदे एकत्र करतात. ते म्हणाले, “म्हंजी टिपरीच की ही! पर डोळा, म्हंजी कोंब फुटायची जागा, सांभाळून तोड. डोळ्यावर कोयता पडला की टिपरं उगवत न्हाई.” मला हे फार खोल वाटलं. मग म्हणाले, “आन् टाळ्या जपून वाजीव. टाळीवर कळप उठतो.” हे मला म्हातारपणामुळं वाटलं.

त्यानंतर घरात शाबूत शब्द उरला नाही. शाम्पूची पुडी तोडली, टीव्हीचं वॉरंटी कार्ड तोडलं, उसावरच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव तर इतकं लांब होतं की टाळ्या वाजवता वाजवता हात लाल झाले. शेजारच्या साखरबाई काकू कुंपणावरून बघायच्या. हनुवटीखाली हात, ओठ हलतायत, मधेच टाळी. आईला म्हणाल्या, “सगुणाबाई, पोरीला कुठं तरी दाखीव. माझ्या नणंदंची पोरगी अशीच एकटी बोलायची. लगीन केल्यावर बरी झाली.”

साखरबाई काकूंचा सगळ्या दुखण्यांवर हाच उपाय आहे. आमच्या म्हशीला सर्दी झाली तेव्हा पण त्यांनी आधी तिचं वय विचारलं होतं.

आई मला कुठं दाखवणार तेवढ्यात हनुमंत तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांच्या अंकिताताईचं लग्न यवतच्या रविराजशी ठरलेलं. अंकिताताई एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, आणि मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरीचं शिक्षण माइकवरून सांगतात, तसं सांगितलं की झालं. पण तात्यांच्या डोक्यात वेगळंच होतं.

“यवतची मानसं हायवेवर राहत्यात,” तात्या म्हणाले. “त्यास्नी वाटतं, नदीकाठची म्हंजी चिखलातली. मला पोरीचं शिक्षन विंग्रजीत सांगायचंय. पुरतं. तोंडभरून. आन् ते म्हाळसा सांगंल.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी छताकडं बघितलं. आप्पा म्हणजे माझे वडील, आणि छताकडं बघितलं की ते काही तरी अट घालणार हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

अट कशाची ते सांगते. मला अकरावीला शिरूरला सायन्सला जायचंय. मला सूक्ष्मदर्शकात बघायचंय. आमच्या शाळेत एक आहे, पण तो कपाटात कुलूपबंद असतो आणि फक्त तपासणीला साहेब आले की बाहेर येतो, साहेब त्यात बघतात, आम्ही साहेबांकडं बघतो. आप्पांचं म्हणणं, सायन्स सगळं इंग्लिशमधी, पोरगी शिरूरला जाऊन मुकी बसली तर? त्यापेक्षा जवळच्या कॉलेजात आर्ट्स काय वाईट?

“लग्नात सगळ्या पाव्हन्यांपुढं न अडखळता वाच,” आप्पा छताला म्हणाले. “मग शिरूर. अडखळलीस, तर जवळचं कॉलेज. पुन्हा इषय न्हाई.”

झालं. अंकिताताईचं लग्न राहिलं बाजूला, माझंच सगळं त्या मांडवात ठरणार होतं.

मी दोन्ही शब्द तोडले. माय-क्रो-बाय-ऑ-लॉ-जी, सहा. इन्-स्ट्रु-मेन्-टे-शन, पाच. ‘मायक्रो’ म्हणजे बारीक, ‘बायो’ म्हणजे जीव, ‘लॉजी’ म्हणजे अभ्यास, हे मी आईला भाकरी थापताना समजावलं. आई म्हणाली, “बारीक जीवांचा अभ्यास? मग आपल्या कोठीतल्या सोंड्यांचा केला असता तर तांदूळ तरी वाचला असता.” पण शब्द पाठ झाला. अडचण एकच होती. टाळी वाजवल्याशिवाय पुढचा तुकडा तोंडातून निघेचना. हात धरून ठेवले की जीभ पण धरल्यासारखी व्हायची. मी स्वतःची समजूत घातली. मांडवात एका हातात माइक असणार, मग टाळी वाजेल कशी? आपोआप सुटेल सवय.

आता कार्यालयाची गोष्ट. शिरूरच्या रस्त्यावर ते मंगल कार्यालय आहे, नाव सांगत नाही. तिथले मॅनेजर म्हणाले, “माइकवर बोलायला अर्ज द्या.” तात्यांनी अर्ज दिला. मॅनेजर म्हणाले, “यात भाषा लिहिलेली नाही.” तात्यांनी ‘विंग्रजी’ लिहिलं. मॅनेजर म्हणाले, “इंग्रजीसाठी वरून विचारावं लागेल.” वर म्हणजे कोण? वरती तर पत्रा होता. शेवटी परवानगी मिळाली, पण नियम एक. माइक कार्यालयाच्या निवेदकाच्या हातातून सुटणार नाही. मागं एका नवरदेवाच्या मित्रानं माइक घेतला तो चारही शायरी संपेपर्यंत दिला नव्हता म्हणे.

निवेदक म्हणजे आण्णा. आण्णा माझ्या तोंडापुढं माइक धरणार होते.

म्हणजे माझे दोन्ही हात मोकळे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

लग्नाच्या दिवशी मला सत्कारांच्या आधी वाचायचं होतं. पण आमच्याकडं सत्कारांच्या आधी काहीच होत नाही. माजी सरपंच, आजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सोसायटीचे चेअरमन, चेअरमनांबरोबर नुसते गाडीत बसून आलेले, सगळ्यांना फेटा आणि नारळ. मुहूर्त जवळ आला, गुरुजी घड्याळ दाखवायला लागले, अंतरपाट धरला, अंकिताताई आणि रविराज दाजी दोन बाजूंना हार घेऊन उभे, आणि मी कोपऱ्यात साडीच्या निऱ्या धरून रडकुंडीला. तात्यांनी आण्णांचा दंड धरला. आण्णा म्हणाले, “आता कुठं? आता मंगलाष्टकं. घरच्या बायका एखादं म्हनत्यात ना मधी, तिथं घुसवू हिचं.”

आणि घुसवलं. गुरुजींचं एक झालं, अंकिताताईच्या मावशीचं एक झालं, लोकांनी अक्षता टाकल्या, आणि आण्णांनी माइक माझ्या तोंडापुढं आणला.

आता तुम्ही लग्नाला गेला असाल तर तुम्हाला हे सांगायला नको. शेवटचं मंगलाष्टक संपलं की टाळ्या पडतात. टाळी पडली की बँड सुटतो. बँड सुटला की उरलेल्या सगळ्या अक्षता एकदम उडतात, आणि अक्षता हातातून गेल्या की पाव्हणे जेवणाकडं जातात. यात विचार कुणी करत नाही. कवठे येमाईचा बँडवाला तर काठी उगारून फक्त पहिल्या टाळीची वाट बघत असतो.

मी डोळे मिटले. “वधू चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अंकिता,” इथपर्यंत सुरेख झालं. मग,

“माय.” टाळी.

“क्रो.” टाळी.

“बाय.” टाळी.

तिसरी टाळी मलाच ऐकू आली नाही. बँड सुटला होता. बाहेर कुणी तरी फटाक्यांची माळ लावली. अक्षतांचा असा मारा झाला की माझ्या तोंडात दोन-तीन गेल्या. मी त्या गिळल्या आणि ‘ऑ’ म्हटलं. शप्पथ सांगते, मी थांबले नाही. ‘लॉ’ म्हटलं, ‘जी’ म्हटलं, सहाच्या सहा टाळ्या वाजवल्या, आणि डोळे उघडले तेव्हा समोर नुसत्या खुर्च्या होत्या. सगळा मांडव जेवणाच्या शेडकडं चाललेला, पाठमोरा, आणि आबा एकटे खुर्चीत बसून मान हलवतायत, “म्हनलं हुतं. टाळीवर कळप उठतो.”

गुरुजी ओरडत होते, “अहो थांबा! लग्न लागायचंय अजून!” अंतरपाट तसाच धरलेला. नवरदेवाच्या मित्रांनी त्याला उचललेला, तो वरून हार टाकायला जागा शोधतोय. कसंबसं त्याला खाली उतरवलं. गुरुजींनी राहिलेलं मंगलाष्टक म्हटलं, पण टाकायला अक्षता कुणाकडंच नाहीत. मग आचाऱ्याकडून मसालेभाताचा तांदूळ आणला. हळद लावायला वेळ नव्हता. अंकिताताईचं लग्न पांढऱ्याफटक बासमतीवर लागलं, आणि ते बघायला दोन्हीकडचे मामा, गुरुजी, व्हिडिओवाला आणि आबा.

आप्पा पंगतीत वाढत होते. त्यांनी काही ऐकलं नाही, काही बघितलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण नवरदेवाचे मामा, यवतचे कोंडिबा मामा, फेटा काढून मांडवाच्या मधोमध बसले. फेटा काढून बसले म्हणजे रुसले.

“आमच्या पोराचं शिक्षन वाचलंच न्हाई,” ते म्हणाले. “पोरीचं वाचलं. टाळ्या वाजवून वाचलं. आम्ही काय अडानी हाय व्हय? वाचल्याबिगर मी जेवनार न्हाई.”

नवरदेवाचा मामा जेवत नाही म्हटल्यावर अर्धी पंगत हात धुऊन मांडवात परत. तात्या माझ्याकडं आले. डोळ्यांत पाणी. “म्हाळसा, वाच बाई.” आण्णांनी माइक धरला. मी वाचलं. इन्-स्ट्रु-मेन्-टे-शन. पाच टाळ्या. बँडवाला आता तयारीत होता, त्यानं प्रत्येक टाळीला एकेक ठोका दिला.

कोंडिबा मामा बोटांची पेरं मोजत होते. “पोरीला सहा,” ते म्हणाले. “आन् पोराला पाच?”

मी त्यांना समजावायला गेले की मामा, टाळ्या मानाच्या नसतात, तुकड्यांच्या असतात, शब्दच तेवढा आहे. मामा म्हणाले, “मग मोठा शब्द घ्यायचा. आमी काय बारका मागितला हुता?” मी ‘इंजिनिअर’ जोडला. तीन टाळ्या, एकूण आठ. यवतकडून शिट्ट्या वाजल्या, मामांनी फेटा उचलला.

पण आता वडगाव रासाई मागं पडलं. आमचेच एक आजोबा उठले, “एम.एस्सी. म्हंजी काय ते फोडून सांग की! न्हाई तर लोकांना वाटंल तीन अक्षरं शिकली.” मास-टर ऑफ साय-अन्स. पाच. पाच आणि सहा अकरा. बँड, शिट्ट्या. कोंडिबा मामांचा फेटा पुन्हा खाली. रविराज दाजींनी हळूच सांगितलं की ते ‘सीनिअर’ इंजिनिअर आहेत. मॅडमच्या हिशेबानं सी-न्यर, दोनच तुकडे. आठ आणि दोन दहा. एक टाळी कमी.

सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. भात गार होत होता. अंकिताताई हार घालून स्टेजवर जांभई देत होती. एका टाळीसाठी दोन तालुके अडून बसले होते, एकीकडं शिरूर, दुसरीकडं दौंड, आणि मधे मी.

मी डोळ्यावर कोयता घातला. “सी. नि. अर.”

तीन टाळ्या. अकराला अकरा. कोंडिबा मामांनी फेटा बांधला, तात्यांना मिठी मारली आणि म्हणाले, “आता वाढा.” तोपर्यंत भात संपला होता, कारण त्याचा तांदूळ आम्ही नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी जगातून उठले. व्हिडिओवाल्यानं सगळं काढलं होतं आणि ते सगळ्यांच्या मोबाईलवर होतं. मी सायकलवरून निघाले की पारावरचे एक टाळी वाजवायचे. दुकानात गेले की टाळी. शितल आणि सुषमा तर प्रार्थनेच्या रांगेत वाजवायच्या. सगळ्यात भयंकर म्हणजे, टाळी ऐकू आली की माझ्या मनात पुढचा तुकडा आपोआप यायचा. पारावर ‘माय’, गिरणीपाशी ‘क्रो’, देवळापाशी ‘बाय’. घरी पोचेपर्यंत माझी मायक्रोबायॉलॉजी पूर्ण व्हायची आणि मी रडायला बसायची.

सविता मॅडमना कळलं. त्यांनी फक्त विचारलं, “मनातल्या मनात म्हणाले होते ना मी?” आणि मग खालच्या आवाजात, “सीनिअरला तीन केलेस तू?” तिथं मी खरी मेले.

साखरबाई काकू आईला म्हणाल्या, “आता हिचं स्थळ यवतकडं बघू नका.”

परवा संध्याकाळी मी ओसरीत पांघरूण घेऊन पडले होते. ताप नव्हता, लाज होती. आतून आई-आप्पांचं बोलणं ऐकू येत होतं.

“अडखळली न्हाई म्हनत्यात,” आप्पा म्हणाले. “पर मी ऐकलं कुठं? मी भात वाढत हुतो. आन् शिरूरला आता जाऊन करनार काय ती? पोरं टाळ्या वाजवत्याल. आर्ट्सला जवळ बरं.”

“माझ्या बहिनीकडं दौंडला धाडू,” आई म्हणाली. “तिथं हिला कोन वळखतंय?”

“यवत दौंड तालुक्यातच हाय,” आप्पा म्हणाले.

तेवढ्यात आप्पांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ सुरू झाला. मला आवाजावरून कळलं. बँड, फटाके, गुरुजींचं ओरडणं. आणि त्या सगळ्याच्या खालून एक बारीक आवाज, तोंडात अक्षता असल्यासारखा, पण चालू. ऑ. लॉ. जी. व्हिडिओ संपला. आप्पांनी परत लावला. मग परत. चौथ्यांदा त्यांनी आबांना हाक मारली, “आबा, ही थांबली न्हाई बगा.”

“मी हुतोच की तिथं,” आबा म्हणाले. “समदा कळप गेला. ती आपली म्हनतच हुती.”

मी पांघरूण टाकलं आणि आत गेले. केस विस्कटलेले, नाक लाल, पण आवाज, काय सांगू, मांडवात नव्हता तेवढा मोकळा.

“आप्पा, आई, ऐका. माझं ठरलंय. मी आर्ट्सला जाणार नाही, दौंडला लपायला पण जाणार नाही. मी शिरूरलाच जाणार, सायन्सलाच जाणार. आणि तिथं पहिल्या दिवशी कुणी माझ्याकडं बघून टाळी वाजवली, तर मी मान खाली घालणार नाही. पुढचा तुकडा म्हणणार.”